पाऊस यायच्या आतच करून ठेवा, केमिकलशिवाय घर साफ ठेवायची तयारी

पावसाळ्यातली सफाई म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात की कशाने पुसायचं, व्हिनेगरने की सोड्याने की लिंबाने. मला विचाराल तर पावसाळ्यात पुसण्यापेक्षा वाळवणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण एखादी जागा ओली राहिली की २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आणि ओल तशीच असेल तर काहीही फासा, ती परत येणारच. म्हणून यादीत सगळ्यात वर सामान नाही, ऊन आहे. ऊन मिळतंय तोवर गाद्या, उशा, जाड पांघरुणं, सतरंज्या दोन-तीन दिवस कडकडीत वाळवून घ्या, आणि उन्हातून काढल्या काढल्या लगेच बॅगेत कोंबू नका, आधी गार होऊ द्या, गरम कपडे बंद केले की आतल्या आत दमटपणा धरतो.

दुसरं काम म्हणजे कपाटं, पलंग, सोफा भिंतीपासून ओढून मागे बघणं. हे प्लीज टाळू नका. गेल्या वर्षी मी बेडरूममधलं लाकडी कपाट ओढलं तेव्हा मागच्या प्लायवर हिरवट-करडे गोल ठिपके होते, बोट लावलं तर पिठासारखं हाताला आलं, आणि भिंतीचा रंग इतका फुगलेला की नखाने पापुद्रा निघत होता, आणि समोरून मात्र तेच कपाट मी रोज पुसत होते. बाहेरच्या बाजूची भिंत गार असते, मागे वारा खेळत नाही, त्यामुळे ओल तिथेच बसून राहते. आता मी सगळं फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवते. आणि भिंतीत ओल असेल तर नुसता वरून रंग मारू नका, आधी गळती शोधा, गच्चीची पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या, खिडकीच्या चौकटीच्या फटी, पाइपचे जॉइंट बुजवून घ्या, सगळं पाऊस यायच्या आत.

आता सामान. पांढरं व्हिनेगर, खाण्याचा सोडा, साधा साबण किंवा रिठे (रात्रभर भिजवून उकळले की छान फेस येतो, पण ते पाणी टिकत नाही, थोडंथोडंच करा), एक ताठ ब्रश, एक जुना टूथब्रश, दोन स्प्रेच्या बाटल्या, रबरी वायपर आणि जुने सुती कपडे भरपूर, निदान आठ-दहा, कारण पावसात एक कपडा वाळायला दोन दिवस लागतात आणि ओल्याच कपड्याने पुन्हा पुसलं की वास घरभर. यातलं एकच घ्यायचं झालं तर मी वायपर घेईन. अंघोळ झाली की बाथरूमच्या भिंती आणि फरशीवरचं पाणी वायपरने ओढून टाकायचं, दोन मिनिटांचं काम आहे, पण टाइल्सच्या सांध्यांमधली काळी बुरशी याने जितकी थांबते तितकी नंतर घासून जात नाही.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ सगळीकडे दिसतात, तसं करू नका, एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ खारट पाणीच राहतं. सोडा वेगळा वापरा, तीन भाग सोड्यात एक भाग पाणी घालून पेस्ट करा आणि सिंक, बेसिन, ओटा घासा. व्हिनेगर वेगळं, काचांना अर्धं पाणी घालून आणि टाइल्सवरच्या बुरशीला पाणी न घालता, तासभर ठेवून मग घासायचं, धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. संगमरवरावर मात्र व्हिनेगर, लिंबू काहीच नको, दगड खाल्ला जातो आणि चमक गेली ती गेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरात ब्लीच असेल तर त्यात व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो, जीवावर बेतू शकतं.

बुरशी दिसली की कोरड्या झाडूने किंवा ब्रशने झटकायची नाही, बीजाणू हवेत उडतात. आधी ओलं करा, मास्क लावा, खिडकी उघडा, मग घासा. घरात कोणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल तर स्वतः करत बसू नका, जाणकार माणूस बोलवा.

फरशी मिठाच्या पाण्याने पुसायची सवय असेल तर पावसापुरती बंद ठेवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी धरतं, म्हणून फरशी चिकट लागते आणि आपण परत पुसतो. साबणाचे दोन-चार थेंब टाकून पोछा घट्ट पिळा, आणि नंतर पंखा फुल.

खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायच्या हेही मला पटत नाही, बाहेर धो धो चालू असताना दमट हवाच आत येते. पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा आणि मग बंद करा. छोटं आर्द्रता मोजायचं मीटर मिळालं तर घ्या, ६० टक्क्यांच्या आत राहिलं तर बुरशीचं बरंच टेन्शन जातं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, चपलांच्या रॅकमध्ये वासासाठी कोळसा, आणि बूट भिजले तर आत कागद कोंबा आणि तो ओला झाला की बदला.

मोरीच्या जाळीखाली जो चिकट थर असतो त्यात त्या बारीक माश्या अंडी घालतात, तिथे नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा जाळी काढून ब्रशने घासाच. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, बादल्या, हेही त्याच दिवशी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही गाडी साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. नुसतं पाणी ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटलेली असतात, कडा घासा.

पायपुसणी तीन ठेवा, एक दारात, एक वाळत, एक कोरडी तयार. आणि रात्री झोपायच्या आधी पोछा आणि ब्रश बादलीत ठेवू नका, टांगून ठेवा.