जुना अनवट सिनेमा शोधताना

‘22 जून 1897’ (1979) हा चापेकर बंधूंवरचा सिनेमा नुसत्या नावाने शोधलात, तर इतिहासाचे व्हिडिओच वर येतात. नावापुढे दिग्दर्शक जोडा: नचिकेत आणि जयू पटवर्धन. देवनागरी, रोमन दोन्ही करून बघा.

मग लांबी तपासा. 120 मिनिटांचा सिनेमा 115 भरला, तर लगेच ‘कापलाय’ म्हणू नका. फिल्म सेकंदाला 24 चौकटी (चित्रं) दाखवते, जुन्या टीव्हीची पॅल पद्धत 25. त्यामुळे टीव्हीवरून उतरवलेल्या प्रतीचा वेग चार टक्के वाढतो, आवाजही किंचित चिरका होतो. 100च भरली, तर मात्र कात्री लागलीय.

माणसं बुटकी-रुंद दिसली, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत 4:3 (चित्राची रुंदी:उंची) वर या. सबटायटल्स आधी येत असतील तर ‘एच’, उशिरा येत असतील तर ‘जी’. सुरुवातीला जुळून पुढे घसरत गेली, तर गोंधळ त्याच 24-25चा. तिथे सबटायटल्सचा वेगच बदलावा लागतो.