गॅसवर भाजलेल्या कणसाला धुराची चव कशी आणायची

आमच्या सिल्लोड भागात भाद्रपद लागला की मक्याची कणसं भरायची. आजी संध्याकाळी वावरातून येताना ओच्यात चार-पाच कणसं घेऊन यायची. स्वयंपाक उरकला की चुलीतला जाळ मागे सारायची, निखारे पुढे ओढायची आणि कणसं पाल्यासकट त्यावर मांडायची. मला दम निघायचा नाही, मी माझं कणीस हळूच जाळाकडे सरकवायचे. "जाळात नको धरू बाई, काळं व्हतं, भाजत नाही," हे तिचं वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकलंय.

त्या वाक्याचा अर्थ मला पुण्यात येऊन, गॅसच्या शेगडीवर कणसं भाजायला लागल्यावर कळला. सोललेलं कणीस थेट ज्योतीवर धरलं की पाच मिनिटांत दाणे काळे होतात आणि आतून कच्चे राहतात. तोंडात येते ती जळकी चव. धुराची चव वेगळी असते. गॅसच्या निळ्या ज्योतीला धूर नसतोच. धूर येतो तो हळूहळू धुमसणाऱ्या वस्तूतून, म्हणजे लाकूड, कोळसा, करवंटी किंवा कणसाचा स्वतःचा पाला. आपल्या स्वयंपाकघरात यातली एक गोष्ट फुकट येते आणि तीच आपण सगळ्यात आधी सोलून कचऱ्यात टाकतो. म्हणून माझी पहिली विनंती हीच, की कणीस सोललेलं आणू नका. भाजीवाल्या मावशी "सोलून देऊ का ताई?" असं विचारतात तेव्हा नको म्हणा.

आता कणीस निवडायचं कसं ते सांगते, कारण निम्मं काम तिथेच होतं. पाला हिरवागार, थोडा दमट आणि अंगाला घट्ट बसलेला हवा. शेंड्याचे केस बाहेरून तपकिरी झालेले चालतात, किंबहुना तसेच हवेत, पण मुळाशी ते फिकट आणि ओलसर असले पाहिजेत. मग पाला वरून दोन बोटं उघडा आणि एका दाण्याला नख लावा. पाण्यासारखा पातळ रस आला तर कणीस फारच कोवळं आहे, भाजल्यावर दाणे आक्रसतील. दुधासारखा पांढरा रस आला तर घ्या. नख रुतायलाच तयार नसेल तर ते जून झालंय, ते पिठाच्या कामाचं. एखाद्या कणसात मधेमधे दाणे गायब असतात, त्याला कीड समजून टाकू नका. मक्याचा प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो, आणि ज्या केसावर परागकण पोचत नाही तिथला दाणा भरत नाही, एवढंच.

गावरान की अमेरिकन, हा प्रश्न मला कायम विचारतात. धुराच्या चवीसाठी मी गावरान घेते. त्याच्या दाण्यात पिठूळपणा असतो, तो भाजल्यावर खरपूस होतो आणि दाताखाली काहीतरी आल्यासारखं वाटतं. अमेरिकन, म्हणजे ज्याला आपण स्वीट कॉर्न म्हणतो, त्यात साखर आणि पाणी जास्त. ते लवकर शिजतं, लवकर करपतं आणि त्याचा गोडवा धुराच्या वर येतो. मुलांना तेच आवडतं म्हणून आमच्याकडे दोन्ही भाजली जातात. स्वीट कॉर्न आणलंत तर त्याच दिवशी खा, कारण तोडल्यापासून त्यातली साखर पिष्टात बदलत जाते. ठेवायचंच असेल तर पाल्यासकट फ्रिजमध्ये ठेवा, गारव्यात तो बदल हळू होतो.

गॅसवरची कृती आता नीट सांगते. बाहेरची दोन-तीन मळकी पानं काढा, आतली तीन-चार राहू द्या. देठ मोडू नका, धरायला तोच लागतो. राहिलेली पानं केळं सोलतो तशी खाली ओढा, पण देठापासून तोडू नका. आतले केस सगळे काढून टाका. हे कंटाळवाणं काम आहे, पण केस राहिले तर ते जळून दाण्यांना चिकटतात आणि कडवटपणा देतात. ओल्या फडक्याने वरून खाली पुसलं की उरलेसुरले निघतात. मग पानं परत वर घ्या आणि काढलेल्या पानाची एक लांब पट्टी फाडून शेंड्याशी बांधा. शेंड्याची लोंबणारी वाळकी टोकं कात्रीने कापा, कारण पेट घेतात ती तीच. हे बांधलेलं कणीस 10 मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि झटकून घ्या. ओल्या पाल्यामुळे दाणा आधी वाफेवर शिजतो आणि पाला एकदम भडकत नाही.

बर्नरवर वांगी-पापड भाजायची जाळी ठेवा, आच मध्यम ठेवा, खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट पंखा लावा. कणीस जाळीवर आडवं ठेवून दर दीड-दोन मिनिटांनी चिमट्याने पाव फेरा फिरवायचं. या वेळात शेगडी सोडून कुठेही जायचं नाही. पहिली चार मिनिटं नुसती वाफ येते आणि ओल्या गवतासारखा वास सुटतो. मग पानं पिवळी, तपकिरी पडत जातात. साधारण 10 ते 12 मिनिटांनी बाहेरचं पान काळं होऊन कागदासारखं कुरकुरीत होतं, त्याच्या कडा लाल धुमसायला लागतात आणि नीट बघितलं तर आतल्या दाण्यांच्या ओळी पानावर उठलेल्या दिसतात. ओळी दिसल्या की दाणा शिजला असं समजा. स्वीट कॉर्नला दोनेक मिनिटं कमी लागतात.

आता खरी गंमत. शेजारी एक खोल लोखंडी कढई आणि तिच्यावर घट्ट बसणारं झाकण आधीच तयार ठेवा. पानाला ज्योत लागलेली नाही ना हे बघा, असेल तर फुंकून विझवा, आणि तो धुमसता पाला तसाच ठेवून कणीस कढईत घाला. झाकण लावा. चार मिनिटं उघडू नका. झाकणाखाली हवा संपत आली की पाला जळायचा थांबतो, पण सगळा धूर आत कोंडलेला राहतो आणि गरम, ओलसर दाण्यांवर बसतो. झाकण काढलं की जो वास येतो तो मला थेट आमच्या चुलीपाशी नेतो. प्लॅस्टिकच्या किंवा नॉनस्टिकच्या भांड्यात हे करू नका.

मग जाड फडक्यात देठ धरून पानं सोला. राख दाण्यांवर पडेल, ती कोरड्या फडक्याने झटका, पाण्याखाली धरू नका, नाहीतर धूरही धुऊन जाईल. आता कणीस उघडं करून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं फिरवा. या वेळी हात थांबता कामा नये. दाणे तडतडतील, एखादा फट्कन उडेल. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि साल फाटते म्हणून तो आवाज. तोंड वाकवून बघू नका आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. प्रत्येक ओळीवर मधूनमधून काळे-तपकिरी ठिपके आणि मधली जागा सोनेरी, इतपत भाजायचं. सगळं काळं करण्यात अर्थ नाही.

कोळशावर करायचं असेल तर ते गच्चीत, अंगणात, किंवा सगळीकडून उघड्या जागेत करा. घरात नाही. हे मी कळकळीने सांगतेय, कारण एका जुलैत मी स्वतः ही चूक केली आहे. बाहेर धो-धो पाऊस होता, म्हणून छोटी शेगडी स्वयंपाकघरात पेटवली आणि पाणी आत येतंय म्हणून खिडकी ओढून घेतली. अर्ध्या तासात माझ्या मुलाचं डोकं जड झालं, मला मळमळायला लागलं. नशिबाने लगेच दार-खिडक्या उघडून आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही, त्यामुळे धूर दिसत नसला तरी तो असू शकतो. बंद खोलीत हा वायू जीव घेतो. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून चालेल असंही समजू नका.

उघड्यावर असाल तर चार-पाच कणसांना अर्धा किलो लाकडी कोळसा पुरतो. रॉकेल ओतून पेटवू नका, तो वास दाण्यात उतरतो. दोन-तीन वाळलेल्या करवंट्या खाली पेटवा आणि वर कोळसे रचा. करवंटी पटकन पेट घेते आणि तिचा निखाराही चांगला पडतो. मग वाट बघा. काळे कोळसे लाल होतात आणि त्यांच्यावर राखेचा करडा थर धरतो, तोपर्यंत कणीस ठेवायचं नाही. तळहात निखाऱ्यांच्या वर वीतभर उंचीवर धरा. तीन-चार आकडे मोजेपर्यंत धरवला आणि मग मागे घ्यावासा वाटला, तर आच बरोबर आहे.

खडकवासल्याला धरणाकाठी ज्या मावशी कणसं भाजतात त्यांच्यापाशी कधी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. त्यांच्या एका हातात पंखा आणि दुसऱ्या हातात कणीस असतं. पंखा जोरात मारतात तो कणीस बाजूला असताना, निखारा जागा करायला. कणीस वर आलं की पंखा मंदावतो. सतत जोरात वारा घातला की जाळ होतो आणि जाळ झाला की पुन्हा आजीचं वाक्य आठवायची वेळ येते. कणीस उघडं भाजत असाल तर त्याचाच ओला पाला दोन पानं निखाऱ्यांच्या कडेला टाका, मंद धूर येत राहतो.

ज्यांच्याकडे इंडक्शन आहे किंवा गॅसवर पाला जाळायची सोय नाही, त्यांनी धुंगार द्यावा. ओटीजीत 220 अंशांवर पाल्यासकट 25 मिनिटं भाजा किंवा बिडाच्या तव्यावर सोललेलं कणीस झाकण ठेवून, फिरवत, मध्यम आचेवर 15 मिनिटं भाजा. मग लाल केलेला एक कोळसा वाटीत ठेवून ती वाटी कणसांच्या मधोमध पातेल्यात ठेवा, कोळशावर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच झाकण लावा. तीन मिनिटं पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर कडवट लागतं. कोळसा लाल करण्यासाठी शेगडीच नसेल तर शेजाऱ्यांकडून करून आणा, आमच्या इमारतीत हे चालतं. खिडकी उघडी ठेवायची आणि काम झालं की कोळसा लगेच पाण्यात बुडवून विझवायचा, हे इथेही आलंच. कुकरमध्ये उकडून मग भाजायचा शॉर्टकट मला पटत नाही. उकडलेला दाणा आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, त्याला ना नीट डाग पडतात ना तो खरपूस होतो.

मसाला शेवटी आणि कणीस कढत असतानाच. एका बशीत दोन भाग मीठ, एक भाग लाल तिखट आणि चिमूटभर काळं मीठ कालवा. अर्धं लिंबू त्यात दाबा आणि ते लिंबू कणसावर घासा, घासता घासता पिळत जा, म्हणजे रस ओळींच्या खाचांत उतरतो. एवढंच. चाट मसाल्याने धूर झाकला जातो, मी घालत नाही. बटर लावायचं असेल तर लिंबाच्या आधी अगदी पातळ बोट फिरवा. मला स्वतःला त्यापेक्षा हिरव्या मिरचीचा, लसूण घातलेला खरबरीत ठेचा आवडतो. त्यात मीठ असतंच, म्हणून वरून घालायचं नाही.

खाताना दाणे अंगठ्याने काढायचे असतील तर आधी एक ओळ दातांनी किंवा सुरीच्या टोकाने मोकळी करा. मग शेजारची ओळ त्या रिकाम्या जागेकडे ढकला, दाणे अख्खे निघतात, साल दातात अडकत नाही. आजीला शेवटी दात नव्हते तेव्हा मी तिला असे दाणे काढून, खलबत्त्यात जरासे ठेचून, वर तूप-मीठ घालून द्यायचे. ती ते हातावर घेऊन चाखायची आणि आधी वास घ्यायची.

एखादं कणीस उरलंच तर दाणे काढून दुसऱ्या दिवशी दह्यात घाला, कांदा, कोथिंबीर, आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. कोशिंबिरीला धुराचा वास फार छान लागतो. दाणे डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर घाम सुटून बुळबुळीत होतात.