हुकाखालची काळजी: वर्कशॉपमधली क्रेन सुरक्षित कशी चालवावी, कशी सांभाळावी

मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), सावली-मंजुसरचा पट्टा, वाघोडिया रस्ता, पोर: बडोद्याच्या आसपास कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिरलात तर डोक्यावर ईओटी क्रेन, म्हणजे छताखालच्या रुळांवरून विजेवर फिरणारी क्रेन, दिसणारच. ट्रान्सफॉर्मरची टाकी असो, प्रेशर व्हेसल असो की नुसत्या प्लेटा, तिच्यावाचून तिथलं पान हलत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांतली माणसं रोज तिच्याखाली काम करतात. कुणी फिटर, कुणी सुपरवायझर, कुणी स्वतःचं लहान वर्कशॉप चालवणारा. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि आयटीआय करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. क्रेनकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिचा वार्षिक करार असतो, बिघडली की मेकॅनिक येतो. पण हुकाच्या खाली जे लागतं, म्हणजे स्लिंग (बोजा हुकाला अडकवायचा पट्टा, दोर किंवा साखळी), शॅकल (पिन लावायची यू आकाराची कडी), आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट), चेन, त्याला वाली नसतो. ते कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या झेलत पडलेलं असतं आणि हाताला येईल ते उचलून बोजाला अडकवलं जातं. माझ्या मते काळजी तिथून सुरू व्हायला हवी, म्हणून या लेखातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: वजन काढा

"असेल दीड-दोन टन" हे उत्तर चालणार नाही. ड्रॉइंगवर किंवा नेमप्लेटवर वजन लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर हिशोब करा. पोलादाचं एक घनमीटर म्हणजे 7,850 किलो. म्हणजे 1 मीटर बाय 1 मीटर, 10 मिलिमीटर जाडीची प्लेट 78.5 किलो भरते. 6 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 20 मिलिमीटर जाड प्लेट साधारण 1,413 किलो. गोल सळईसाठी व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून त्याला 162 ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 100 मिलिमीटरचा राउंड मीटरला जवळपास 62 किलो जातो.

टाकी उचलायची असेल तर आत काय शिल्लक आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचं) पाणी तळाला राहून गेलं असेल तर दर घनमीटरला एक टन वाढतो. ट्रान्सफॉर्मरचं तेल पाण्यापेक्षा हलकं, तरी हजार लिटरचे साधारण 880 किलो होतात. शिवाय आत अर्धवट भरलेलं पाणी किंवा तेल एका बाजूला सरकतं आणि बोजाचा तोल उचलताउचलता बदलतो. हे सगळं खडूने बोजावरच लिहून ठेवायची सवय लावा. पुढच्या शिफ्टच्या माणसाला पुन्हा हिशोब करावा लागत नाही.

हुकाचं, स्प्रेडर बीमचं (स्लिंगचे पाय लांब ठेवणाऱ्या आडव्या दांड्याचं) आणि स्लिंगचं स्वतःचं वजन विसरू नका. 5 टनांच्या क्रेनला 4.8 टनांचा जॉब आणि 400 किलोचा बीम लावला, तर ती मर्यादेबाहेर गेली.

दुसरी पायरी: स्लिंग निवडा आणि कोन बघा

नव्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतो तो कोन. 2 टनांचा बोजा दोन पायांच्या स्लिंगने उचलला, तर प्रत्येक पायावर 1 टन येईल असं वाटतं. दोन्ही पाय अगदी उभे असतील तरच ते खरं. पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असले तर प्रत्येकावर 1.15 टन ताण येतो, 45 अंशांत 1.41 टन, आणि 30 अंशांत पुरे 2 टन. बोजा तोच, स्लिंग तीच, पण ताण दुप्पट. पाय याहून पसरले तर आकडा झपाट्याने वाढत जातो.

कोन मोजायला काही लागत नाही. बोजावरच्या दोन कड्यांमधलं अंतर टेपने मोजा. स्लिंगच्या एका पायाची लांबी त्या अंतराइतकी असेल तर समभुज त्रिकोण होतो, म्हणजे कोन 60 अंश. पाय अंतरापेक्षा लांब असतील तर आणखी चांगलं. तोकडे असतील तर लांब स्लिंग आणा किंवा स्प्रेडर बीम लावा. "एवढ्यासाठी कोण स्टोअरला जाणार" हे वाक्य मी शेडमध्ये फार ऐकतो, आणि ते ऐकलं की मी काम थांबवतो.

बेल्ट स्लिंगचे रंग पाठ करून ठेवा: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5, तपकिरी 6, निळा 8, नारिंगी 10. तरी शेवटचा शब्द रंगाचा नसतो, तिच्यावर शिवलेल्या लेबलचा असतो. लेबल फाटलं किंवा वाचता येईना, तर ती स्लिंग वापरायची नाही. फास घालून उचललं तर तिची क्षमता 80 टक्क्यांवर येते. पॉलिएस्टरची बेल्ट 100 अंश सेल्सियसच्या वर नेऊ नका. नुकत्याच वेल्ड झालेल्या किंवा भट्टीतून निघालेल्या जॉबला तर ती लावूच नका. तिथे चेन स्लिंग हवी.

प्लेटची कापलेली कड सुरीसारखी असते. बेल्ट आणि कड यांच्यामध्ये उभा चिरलेला पाइप किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा जाड तुकडा घाला. स्लिंगला गाठ मारून ती आखूड करायची नाही. चेनची तुटलेली कडी बोल्टने जोडायची नाही. शॅकलची पिन हरवली तर बाजारातला नटबोल्ट तिच्या जागी चालत नाही.

आयबोल्टबद्दल दोन शब्द. कॉलर (कडीखालची रुंद चकती) नसलेला आयबोल्ट फक्त सरळ वर ओढण्यासाठी असतो. कॉलरवाला तिरका ओढला तरी 45 अंशांत त्याची ताकद चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घसरते, आणि तीही कॉलर जॉबला पूर्ण टेकलेली असेल तरच. कॉलरखाली फट दिसली की बोल्ट काढून पुन्हा बसवा.

तिसरी पायरी: शिफ्टच्या सुरुवातीची तपासणी

हे रिकाम्या हुकावर करायचं. पेंडंटवरचं (क्रेनला लटकणाऱ्या बटणांच्या डबीवरचं) प्रत्येक बटण दाबून बघा: वर, खाली, लाँग ट्रॅव्हल (शेडच्या लांबीत), क्रॉस ट्रॅव्हल (रुंदीत), आणि आधी इमर्जन्सी स्टॉप. बटण सोडलं की हालचाल थांबायला हवी. चिकटणारं बटण म्हणजे बंद क्रेन. मग हूक हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर नेऊन वरचा लिमिट स्विच, म्हणजे हूक फार वर गेला की त्याला आपोआप थांबवणारा, चालतो का ते पाहा. तो शेवटचा राखणदार आहे. रोजच्या कामात हूक थांबवायला त्याचा वापर केला तर गरजेच्या वेळी तो झिजलेला असेल. हूक सगळ्यात खाली नेल्यावर ड्रमवर वायर रोपचे किमान 2 वेढे उरले पाहिजेत.

हुकाची सेफ्टी लॅच (तोंड बंद ठेवणारी पट्टी) स्प्रिंगने परत बसते का, घंटा वाजते का, जमिनीवर तेलाचे थेंब नवे आहेत का, हे दोन मिनिटांचं काम.

चौथी पायरी: उचलणं

हूक बोजाच्या बरोब्बर वर आणा. तिरकी ओढ दिली की रोप ड्रमच्या खाचेतून बाहेर चढते, रोप गाइड तुटतो, आणि बोजा सुटला की लंबकासारखा झोका घेतो. क्रेन उचलायला आहे, जॉब फरफटत न्यायला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोजा जमिनीपासून 10 सेंटिमीटर उचला आणि थांबा. तेवढ्या अंतरात सगळं कळतं. बोजा एका बाजूला कलतोय का? म्हणजे गुरुत्वमध्य चुकलाय, खाली ठेवून स्लिंग सरकवा. स्लिंग कडेवरून घसरतेय का? बटण सोडल्यावरही बोजा हळूहळू खाली येतोय का? म्हणजे ब्रेक धरत नाही, लगेच टेकवा आणि क्रेन बंद करा. चूक इथे सापडली तर टेकवायला 10 सेंटिमीटरच असतात. तीच चूक 4 मीटरवर सापडली तर करायला काहीच उरत नाही.

इशारे एकाच माणसाने द्यायचे. शेडमध्ये ग्राइंडर चालू असतो, गुजराती, हिंदी, मराठी तिन्हीत ओरडणं चालतं आणि ऑपरेटरभाईला काहीच ऐकू येत नाही. म्हणून हाताने सांगा. हात वर, तर्जनी वर आणि लहान गोल म्हणजे उचल. हात खाली, तर्जनी जमिनीकडे आणि गोल म्हणजे उतरव. "थांब" हा इशारा मात्र कुणीही द्यावा, अगदी चहा घेऊन आलेल्या मुलानेही, आणि ऑपरेटरने तो पाळलाच पाहिजे. लांब जॉबला टॅग लाइन (हातात धरायची दोरी) बांधा म्हणजे तो वळवायला हात लावावा लागत नाही. बोजाखाली कुणी नको, बोजावर बसून कुणी नको, आणि बोजा लटकता ठेवून जेवायला जायचं नाही.

लटकत्या जॉबवर वेल्डिंग अजिबात करू नका. अर्थिंग नीट नसेल तर करंट परतीची वाट वायर रोपमधून काढतो आणि रोपच्या तारा आतून जळतात. वरून काही दिसत नाही.

हाताच्या चेन ब्लॉकलाही एक साधा नियम आहे. त्याची चेन एकट्या माणसाला ओढता आली पाहिजे. दोघे लागत असतील तर बोजा जास्त आहे किंवा ब्लॉक खराब आहे.

पाचवी पायरी: महिन्याची तपासणी

क्रेनचा मेन बंद करा, कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मग चामड्याचे हातमोजे घालून जुन्या सुती फडक्याने रोप हळूहळू पुसत जा. जिथे फडकं अडकेल तिथे तुटलेली तार आहे. रोपची एक पेड (तारांचा एक पीळ) ज्या लांबीत एक पूर्ण फेरा घेते, तेवढ्या एका लांबीत 12 तुटक्या तारा, किंवा त्याच लांबीत एकाच पेडीत 4, सापडल्या तर रोप बदला. व्हर्नियरने व्यास मोजताना जबडे पेडींच्या उंचवट्यांवर ठेवा, दोन पेडींमधल्या सपाटीवर नाही. 12 मिलिमीटरची रोप 11.4 ला आली, म्हणजे 5 टक्के झिजली. तिचे दिवस भरले. पिंजऱ्यासारखी फुगलेली, पीळ पडून मोडलेली किंवा ठिणगीने निळी पडलेली रोप तारा न मोजताच काढा.

इक्वलायझर पुलीवरचा (रोपच्या दोन्ही बाजूंचा ताण समान ठेवणाऱ्या पुलीवरचा) रोपचा भाग बहुतेक कुणी बघत नाही, कारण तो फारसा हलत नाही. तिथेच ओल आणि धूळ साचते, रोप आतून गंजते. वर चढलाच आहात तर तो भाग नक्की पुसून बघा.

हूक नवा असतानाच त्याच्या तोंडाचं माप वहीत लिहून ठेवा. तोंड 5 टक्के उघडलं, कुठे 10 टक्के झीज दिसली, किंवा थोडासाही पीळ दिसला तर तो उतरवा. तापवून सरळ करणं, वेल्डने भरणं हे उपाय हुकाला नाहीत.

ब्रेकच्या लायनिंगवर ग्रीसचा थेंबही नको. चाकांच्या कडा आणि रेल यांच्याकडे लक्ष द्या. गॅन्ट्रीखाली (रुळांच्या बीमखाली) लोखंडाची बारीक चमकती भुकटी दिसली तर चाक रेलला घासतंय, म्हणजे क्रेन तिरकी चालतेय किंवा रेलचे क्लॅम्प ढिले झालेत.

दसरा, दिवाळी, पाऊस

खंडेनवमीला आपण यंत्रं धुऊन पुसून पूजा करतो. वर्षभर ग्रीसखाली दडलेला हूक त्या दिवशी उघडा पडतो, म्हणून हळदकुंकू लावण्याआधी टॉर्चच्या उजेडात त्याच्या आतल्या वाकणाला चीर आहे का ते बघून घ्या. झेंडूचा हार हुकाला घाला, पण लिमिट स्विचच्या वजनाला किंवा दांड्याला काही बांधू नका, आणि लाल कापडाने लॅच झाकू नका. पूजा झाली की पहिली उचल करण्याआधी हार उतरवा.

दिवाळीत बंद झालेली शेड लाभपाचमेला उघडते. इतके दिवस उभ्या क्रेनला मुहूर्ताचा जड जॉब लगेच लावू नये. आधी रिकामी पूर्ण लांबी चालवा, मग हलका बोजा, मग नेहमीचा.

मे-जूनमध्ये पत्रे आणि गटारी दुरुस्त करायला बाहेरची माणसं गॅन्ट्रीवर चढतात, आणि खाली क्रेन चालूच असते. याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. वरच्या माणसाला सरकायला जागा नसते, डीएसएलच्या, म्हणजे क्रेनला वीज पुरवणाऱ्या, उघड्या तारांत करंट असतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 ने हे स्पष्ट सांगितलं होतं: क्रेनच्या मार्गावर किंवा धक्का लागेल इतक्या जवळ माणूस काम करत असेल, तर क्रेन त्याच्यापासून 6 मीटरच्या आत येता कामा नये. मी तर मेन बंद करून कुलूपच लावायला सांगतो. दोन दिवसांचं काम अडलं तरी चालेल.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं. जिथे असं पाणी येतं तिथे स्लिंगचा स्टँड उंचावर हवा. गाळाने भरलेल्या बेल्टमध्ये बारीक वाळू धाग्यांत शिरते आणि ताण आला की आतून कापत राहते. नुसती धुऊन ती परत वापरात घेऊ नका, तज्ज्ञाकडून तपासून घ्या. बुडालेला चेन ब्लॉक आणि पॅनेल उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय वापरू नका.

नोंद, आणि बाद झालेला माल

त्याच कलमानुसार क्रेन आणि उचलण्याचं सगळं सामान दर 12 महिन्यांत किमान एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनिसाकडून) सखोल तपासून घ्यावं लागायचं; ती शिस्त सोडू नका. क्रेनवर 125 टक्के भाराची चाचणी घ्यायची तर तीही त्यांच्याच देखरेखीखाली. प्रत्येक स्लिंगला नंबर द्या, वहीत तारीख टाका. काही कारखान्यांत दर तिमाहीला एक रंग ठरवतात आणि तपासलेल्या सामानावर त्या रंगाचा पट्टा मारतात. लहान वर्कशॉपलाही हे परवडतं, रंगाचा एक डबा पुरतो.

बाद झालेली स्लिंग मात्र अख्खी भंगारात टाकू नका. भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या शेडमध्ये जाते, किंवा आपल्याच शेडमधला कुणी गरजेला उचलून आणतो. बेल्टचे दोन्ही डोळे कापा, लेबल काढा, वायर रोपचे ग्राइंडरने मीटरभराचे तुकडे करा, शॅकल गॅसने चिरा. मग वहीत त्या नंबरपुढे तारीख घालून "कापली" असं लिहा आणि सही करा.