चार कॉलेजांचा मिळून एकच कॅटलॉग करायचाय? आधी हे ठरवून घ्या

सोलापुरात एकेका कॉलेजच्या लायब्ररीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळी पुस्तकं सापडतात, त्यामुळे एकत्र कॅटलॉग करायचा म्हटलं की लायब्ररीचं सॉफ्टवेअर कोहा घ्यायचं का सोल यावरच अख्खी मीटिंग जाते, पण खरं अडतं ते नियमांवर. डेटा मर्ज करायच्या आधी नियम लिहून काढा, नंतर निस्तरणं फार जड जातं, मी निस्तरलंय.

एका आवृत्तीला एकच रेकॉर्ड (कॅटलॉगमधली नोंद), आणि प्रत्येक कॉलेजची प्रत त्यालाच आयटम म्हणून जोडायची. दाखल क्रमांक (लायब्ररीने प्रतीला दिलेला नंबर), कपाट, किंमत, देणगीदार हे सगळं आयटममध्ये (कोहात ९५२ नंबरचं फील्ड, म्हणजे रकाना), मूळ रेकॉर्डमध्ये नाही.

आता आवृत्ती कशाला म्हणायचं, इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. आपले बरेच प्रकाशक नुसतं पुनर्मुद्रण असलं तरी 'पाचवी आवृत्ती' छापतात. म्हणून पानं बघा, प्रस्तावना बघा, 'सुधारित' लिहिलंय का बघा, आणि प्रकाशक, पानं, मजकूर तेच असेल तर जुन्याच रेकॉर्डला प्रत जोडून टाका. तरी शंका राहिलीच तर वेगळा रेकॉर्ड ठेवा, कारण दोन रेकॉर्ड नंतर एकत्र करता येतात पण चुकून एकत्र झालेले सोडवायला प्रत्येक कॉलेजात जाऊन पुस्तक हातात घ्यावं लागतं. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नसतो, तिथे नाव, लेखक, प्रकाशक, साल, पानं यावरून जुळवा. आणि साल शकात असेल तर ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. शके १८७० म्हणजे १९४८-४९. हे नाही केलं तर एकच पुस्तक दोनदा दिसतं.

लेखकांची नावं: कविता कुसुमाग्रज नावाने, नाटकं वि. वा. शिरवाडकर नावाने, माणूस एकच. माझं मत, दोन्ही नावं ठेवा आणि ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये (लेखकाच्या नावाची वेगळी नोंद) ५०० फील्डने एकमेकांना जोडा, म्हणजे पोरांनी कुठलंही नाव टाकलं तरी दुसऱ्याकडे जाता येतं. आडनाव आधी, आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव लिहा.

पुस्तक ज्या लिपीत आहे त्याच लिपीत २४५ (पुस्तकाच्या नावाचं फील्ड) भरा, रोमन हवं असेल तर ८८० मध्ये (दुसऱ्या लिपीसाठीचं फील्ड). श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीचे फॉन्ट) टाइप केलेला जुना डेटा मात्र आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर मर्ज झाल्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात आणि सर्चला काहीच लागत नाही.

वर्गांक (विषयाचा क्रमांक) सगळ्यांचा सारखा असू द्या, ड्युई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६, कन्नड ८९४.८१४, तेलुगू ८९४.८२७, फक्त पुढचा ग्रंथांक (त्याच विषयातलं नेमकं पुस्तक ओळखायचा क्रमांक) ज्याचा त्याने ठेवावा, त्यासाठी कुणाला जुनी लेबलं खरवडायला लावू नका.

शेवटचं, प्रत्येक भाषेला एक माणूस नेमा. कन्नड रेकॉर्ड कन्नड वाचता येणाऱ्यानेच पास करायचा, मग तो क्लार्क असला तरी चालेल.