वाइडबँड घेताय? पैसे सेन्सरवर घाला, गेजवर नको

कोल्हापुरात ट्युनिंगचा नाद असणारी पोरं भरपूर आहेत, पण त्यातली बरीच अजून प्लगचा रंग बघून आणि सायलेन्सरचा वास घेऊन मॅप (इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) बदलतात आणि टर्बो गाडीत लोडवर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं की पिस्टन जायला वेळ लागत नाही ओ. कंपनीचा नॅरोबँड, म्हणजे एक्झॉस्ट पाइपातला ऑक्सिजन सेन्सर, हवा-पेट्रोलच्या १४.७ ला १ या प्रमाणाच्या आसपासच खरं बोलतो, ०.४५ व्होल्टच्या वर रिच (पेट्रोल जास्त), खाली लीन, पण किती रिच किती लीन हे सांगत नाही, म्हणून नेमका आकडा सांगणारा वाइडबँड सेन्सर पाहिजे.

स्वस्तात करायचं तर गोल चकचकीत गेज (आकडा दाखवणारं मीटर) सोडा, साधा कंट्रोलर (सेन्सर चालवणारा डबा) घ्या. १४पॉइंट७ कंपनीचा स्पार्टन किंवा इनोव्हेटचा एलसी-२ असला, ० ते ५ व्होल्ट आउटपुट इसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा लॉगरला द्यायचा आणि लॅपटॉपवर लॉग बघायचा. गाडी पळवताना गेजकडे कोण बघणार, रस्त्याकडे बघा की! एइएमचा गेज चांगलाच आहे, बजेट असेल तर घ्या.

पण सेन्सर ओरिजिनलच पाहिजे. बॉश एलएसयू ४.९, पार्ट नंबर ०२५८०१७०२५, असाच बघून घ्या, कारण बाजारात डुप्लिकेट लई आहेत. स्क्रॅपमधला जुना तर अजिबात नको, त्यानं किती काजळी खाल्लीय कुणाला माहीत. कनेक्टर नीट बघा, सेन्सरकडून ५ वायरी येतात पण पिना ६ असतात, कारण कनेक्टरच्या आतच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर बसवलेला असतो, त्यामुळं वायर लांब करायची म्हणून तो कनेक्टर कापला तर रीडिंग चुकलंच समजा. जुन्या एलएसयू ४.२ सेन्सरचा कंट्रोलर स्वस्तात मिळाला तरी त्याला ४.९ चालत नाही, आधी विचारून घ्या.

बंग, म्हणजे पाइपावर सेन्सर बसवायची आट्यांची रिंग, उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देईल, एम१८ बाय १.५ चे आटे सांगा, एसएसचा घ्या आणि आर्गॉन वेल्डिंग करा. जागा कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, आणि सेन्सर घड्याळातल्या १० ते २ च्या मध्ये उभा, म्हणजे पाइपातलं पाणी त्यात साचत नाही. सेन्सरच्या अलीकडं, इंजिनच्या बाजूला कुठं एक्झॉस्ट लीक असेल किंवा मिसफायर होत असेल तर गाडी रिच असूनही लीन दाखवतं, हे आधी तपासा, उगाच पेट्रोल वाढवू नका.

आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतंय, त्याचं बरोबर मिश्रण साधारण १३.५ ला येतं, पण गेज पेट्रोलच्या स्केलवर १४.७ च दाखवणार, म्हणून लॅम्डा (बरोबर मिश्रण म्हणजे १, त्याच्या खाली रिच, वर लीन) वाचायची सवय लावा. फुल थ्रॉटलला साध्या इंजिनला ०.८५ ते ०.८८, टर्बोला ०.८ च्या आसपास.

कंट्रोलरची ग्राउंड इसीयूच्या ग्राउंडलाच जोडा, बॉडीला कुठंही नको, नाहीतर व्होल्टेज सरकतं. आणि सेन्सर पाइपात असताना कंट्रोलर बंद ठेवून गाडी चालवू नका, हीटर चालू नसला की काजळी बसून सेन्सर मरतो. लावायला वेळ नसेल तर तोवर बंगच्या भोकाला बूच मारून ठेवा.