गव्हाच्या बिअरला हॉप्स आणि लिंबू-संत्र्याचा वास कसा द्यायचा

आधी एक क्लिअर करतो, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे हे आपल्या सोलापूरच्या त्या पोरापोरींसाठी, जी अमेरिका-जर्मनीत राहतात आणि तिथं घरी ब्रू करतात. सोलापुरातल्यांसाठी बिनदारूचा प्रकार शेवटी देतो.

20 लिटरचा हिशोब धरा, निम्मा गव्हाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), निम्मा बार्लीचा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, तासभर उकळले की कडूपणा उतरतो पण वास सगळा वाफेबरोबर जातो, म्हणून सुरुवातीला थोडेच टाका, गव्हाच्या बिअरला जास्त कडूपणा शोभतच नाही. खरा माल शेवटी. गॅस बंद करून 80 अंशांपर्यंत थंड होऊ द्या, मग 30 ग्रॅम सिट्रा किंवा कॅस्केड जातीचे हॉप्स टाकून 20 मिनिटं ठेवा. फर्मेंटेशन (आंबण्याची क्रिया) शांत झालं की अजून 40 ग्रॅम हॉप्स, फक्त 2-3 दिवस, जास्त ठेवले तर गवतासारखी चव येते.

आता साल, इथंच सगळी गंमत आहे. 3 संत्री आणि 4 लिंबं घ्या (आपलं कागदी लिंबू तिकडं की लाइम म्हणून मिळतं), दुकानातल्या फळांवर मेण असतं म्हणून गरम पाण्यानं घासून धुवा. बारीक किसणीवर अगदी हलक्या हातानं एकदाच फिरवायचं, पांढरं दिसलं की थांबायचं आणि फळ वळवायचं, कारण तेल सगळं वरच्या रंगीत सालीत असतं आणि पांढऱ्यात नुसता कडवटपणा. बोटं तेलकट झाली आणि खोलीभर वास सुटला म्हणजे बरोबर जमलंय. हा कीस उकळीच्या शेवटच्या 5 मिनिटांत टाका, सोबत 15 ग्रॅम धने खलबत्त्यात जाडसर कुटून, बेल्जियमच्या विटबिअरमध्ये (तिकडची गव्हाची बिअर) संत्र्याची साल आणि धने ही जोडी ठरलेलीच असते.

रस मात्र अजिबात नको. आंबटपणा वाढतो, आणि बाटलीत भरताना टाकला तर त्यातली साखर यीस्ट खातं, गॅस वाढतो आणि काचेची बाटली फुटू शकते, हे मनावर घ्या.

यीस्ट साधं अमेरिकन एल (एल हा बिअरचा एक प्रकार) घ्या, 18 ते 20 अंशांत ठेवा. जर्मन व्हाइसबिअरचं, म्हणजे तिकडच्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट केळं आणि लवंगेचा वास देतं, छानच असतो तो, पण लिंबू त्याखाली दबतं असं माझं मत.

सोलापूरकरांनो, मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की हे करा: 1 लिटर पाणी 80 अंशांपर्यंत गरम करून त्यात अर्ध्या लिंबाचा रस (इथं चालतो, आंबट पाण्यात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो), 2 ग्रॅम हॉप्स आणि एका लिंबाच्या सालीचा कीस, 15 मिनिटं झाकून ठेवा, गाळा, फ्रीजमध्ये गार करा आणि प्यायच्या वेळी निम्मा सोडा.

गाळलेले हॉप्स दारात टाकू नका, कुत्र्यांना ते विषारी असतात, आणि आपल्याकडं गल्लीत कुत्री कमी नाहीत.