झोसिमाच्या खोलीतली उघडी खिडकी: कादंबरीतला गूढानुभव कसा वाचावा

फोंड्यात आमच्या घरी रविवारी संध्याकाळी सात-आठ जण वाचायला जमतात. गेलं वर्षभर दोस्तोयव्हस्कीची ‘ब्रदर्स करामाझोव्ह’ चालली आहे. सातव्या भागातलं ‘गालीलातलं काना’ हे प्रकरण, म्हणजे धाकटा भाऊ अल्योशा याला वारलेला गुरू झोसिमा स्वप्नात दिसतो ते, आलं की कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे देव आहे, असंच लेखकाला म्हणायचंय ना?"

माझं सांगणं एवढंच, की हा प्रश्न त्या पानावर विचारू नका. गूढानुभव हा कादंबरीतल्या वादाचा निकाल नसतो. पाचव्या भागात अल्योशाचा भाऊ इव्हान यानं मांडलेला आक्षेप, निष्पाप मुलांच्या यातनांवर उभा राहणारा स्वर्ग मला नको, हा कुठल्याही स्वप्नानं खोडला जात नाही. मग त्या स्वप्नाचं काम काय? ते शोधायचं तर आधी चाळीस-पन्नास पानं मागे जा.

मागे गेल्यावर पहिल्यांदा येतो तो वास. झोसिमा हा मठातला थोर साधू. तो गेल्यावर चमत्कार होणार, देह तसाच राहणार, अशी सगळ्यांची खात्री. आणि दिवस मावळायच्या आतच प्रेताला दुर्गंधी सुटते. मठात कुजबुज सुरू होते, काहींना तर आनंदच होतो. अल्योशाचं मन इथे मोडतं. हे प्रकरण मला समजलं ते जुन्या गोव्यामुळे. 1994 च्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला आजी मला बॉम जेझू चर्चच्या परिसरात घेऊन गेली होती. आम्ही हिंदू, पण सायबाच्या, म्हणजे त्या संताच्या, पायाशी डोकं टेकायला ती तासन्‌तास रांगेत उभी होती. 1552 मध्ये वारलेल्या माणसाचा देह अजून आहे, यावर तिची किती श्रद्धा होती ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्या रांगेतल्या माणसांना कुणी सांगितलं असतं, की पेटीतून वास येतोय, तर काय झालं असतं? अल्योशाला तेच झालं. ज्या वाचकाला हा धक्का बसत नाही, त्याला पुढचं स्वप्न गोडगोड वाटतं.

दुसरी गोष्ट कांद्याची. चिडलेला अल्योशा रकितीन या ओळखीच्या विद्यार्थ्याबरोबर ग्रुशेंका या बदनाम बाईकडे जातो. (त्याला आणून दिल्याबद्दल रकितीनला पंचवीस रूबल मिळतात, तेही टिपून ठेवा.) ती त्याच्या मांडीवर बसलेली असते. झोसिमा वारल्याचं कळताच ती छातीवर क्रूसाची खूण करते आणि दचकून उठते. मग एक लोककथा सांगते: एका दुष्ट म्हातारीनं जन्मात एकच पुण्य केलेलं, भिकारणीला एक कांदा दिलेला. त्याच कांद्याला धरून देवदूत तिला आगीच्या तळ्यातून वर ओढतो. बाकीचे पापी तिला बिलगतात, ती ‘कांदा माझा आहे’ म्हणत त्यांना लाथाडते, आणि कांदा तुटतो. आता ‘काना’ उघडा. स्वप्नातल्या, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाच्या पंगतीत बसलेला झोसिमा आपण इथे का आहोत ते सांगतो, तेव्हा म्हणतो, मी एक कांदा दिला. रात्री दिसलेल्या दर्शनाची भाषा संध्याकाळी एका बदनाम बाईच्या तोंडून आलेली आहे. हे लक्षात आल्याशिवाय ते दर्शन कुणाचं आणि कशाचं, हे कळत नाही.

म्हणून वाचताना पेन्सिल हातात ठेवा आणि शरीराला कळणाऱ्या वस्तूंखालीच रेघ ओढा. अल्योशा परत येतो तेव्हा शवपेटीशेजारी फादर पाइसी शुभवर्तमान वाचतो आहे. खिडकी उघडी आहे. वास वाढला असणार, हे अल्योशाच्या मनात येतं, पण आता तो विचार त्याला सलत नाही. देह तसाच कुजतो आहे, बदललाय तो पाहणारा. नंतर तो बाहेर पडतो, तारे, झोपलेली शरदातली फुलं, आणि जमिनीवर कोसळून रडत मातीला कवटाळतो. आणि तिथून तीनच दिवसांत मठ सोडतो, कारण गुरूनं त्याला जगात राहायला सांगितलेलं असतं. ‘नंतर पावलं कुठे गेली’ हे माझ्या वहीतलं सर्वांत उपयोगी रकाना आहे.

याच्या शेजारी अकराव्या भागातला इव्हानचा सैतान ठेवा. जुन्या फॅशनचे कपडे घातलेला, सोफ्यावर बसून इव्हानचेच जुने विचार इव्हानला ऐकवणारा. इव्हान त्याच्यावर पेला फेकतो आणि शुद्धीवर आल्यावर तोच पेला टेबलावर तसाच. दोन्ही दर्शनं एकाच लेखकानं लिहिलीत. लेखकाला फेफरं यायचं, म्हणून ही सगळी आजाराची लक्षणं, असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं: फेफरं त्यानं अल्योशाला दिलेलं नाही, घरातला नोकर स्मेर्द्याकोव्ह याला दिलंय.

लेखकाचं आयुष्य सर्वांत शेवटी वाचा, पण वाचाच. मे 1878 मध्ये दोस्तोयव्हस्कीचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा वारला. जूनमध्ये तो तत्त्वज्ञ सोलोव्ह्योव्हबरोबर ओप्तिना मठात गेला, अंब्रोसी या साधूला भेटला. तिथून तो घेऊन आलेले शब्द झोसिमाच्या तोंडी आले, असं त्याच्या बायकोनं आठवणींत लिहिलंय. ते शब्द दुसऱ्या भागात आहेत, इव्हानच्या आक्षेपाच्या कितीतरी आधी. पावणेतीन वर्षांचा मुलगा गेलेली एक बाई झोसिमाकडे येते. तो आधी सांत्वनाचं बोलून बघतो, ते पोचत नाही. मग तो म्हणतो, सांत्वन करून घेऊ नकोस, रड.

पूर्ण कादंबरी संपली की दुसऱ्या भागातलं हे प्रकरण पुन्हा काढा आणि मोठ्यानं वाचा. बाईचं बोलणं एकाच जणानं वाचावं. मुलाची छोटी पावलं खोलीत एकदा तरी वाजावीत, असं ती म्हणते, आणि पोलक्यातून त्याचा इवलासा कमरपट्टा बाहेर काढते. तिथे पुस्तक मिटू नका, नुसतं थांबा, आणि मग इव्हानचं पान उघडा.